चौथा उन्हाळा

गावाबाहेरच्या बोडक्या माळावर परदेशी निधीतून सहाशे झाडं लावली, तेव्हा त्यांना पाणी घालायला ठेवलेल्या माणसाला सगळे पाणक्या म्हणू लागले. त्याआधी तो विहिरी खणायचा. निम्म्याअधिक कोरड्याच निघाल्या, म्हणून लोक त्याची टर उडवत. पण माळाखाली ओल किती खोल आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्याला कुणी विचारलंही नाही.

योजना तीन वर्षांची. टँकर आला की पाणक्या पाइप ओढत आळी भरत फिरायचा. झाडांना नंबराचे पत्रे लावले होते, पण याने नावं ठेवली होती : रडूबाई, नकटी, जावईबापू. जावईबापू दुप्पट पाणी पिऊनही तोंड वाकडं करून उभे.

"पोटच्या पोरांचे एवढे लाड केले नाहीत कधी," बायको म्हणायची.

"ओल दीड पुरुष खाली आहे. अजून एक-दोन उन्हाळे पाजलं की मुळं टेकतील तिथं. मग आपण सुटलो."

तिसऱ्या उन्हाळ्यात निधीवाले पाहणीला येणार असं कळलं. योजनेचे साहेब म्हणाले, "त्यांना काम आवडलं तर दोन वर्षं वाढवून मिळतील." नेमका तेव्हाच टँकर बंद पडला. पाणक्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग पंधरा दिवस नवराबायकोने घरचं पाणी माळावर वाहून निदान पुढच्या ओळीतली झाडं तगवली. अंघोळी बंद झाल्या. पाहणीच्या आदल्या दिवशी तर त्याने त्यांची पानं ओल्या फडक्याने पुसली.

"सोयरीक जमवायची आहे का यांची?" बायको कुरकुरली, पण फडकं तिनेच पिळून दिलं.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी पान हातात घेऊन साहेबांकरवी विचारलं, "पाणी कधी मिळालं यांना?"

"टँकर येऊन पंधरा दिवस झाले," पाणक्या म्हणाला. ते खरंच होतं. घरचं पाणी घातलं हे सांगणं त्याला बढाई वाटली. बाई खूश झाल्या, त्याच्यासोबत फोटो काढून गेल्या.

महिन्याने साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. झाडं पाण्याशिवाय तगली, उद्दिष्ट पूर्ण, मुदतवाढीची गरज नाही. निधी दुसऱ्या माळाला गेला होता, तिथली झाडं सुकली होती म्हणून.

पाणक्याने तेव्हा सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी नाही का बोलायचं? यशस्वी ठरलेली योजना आता आजारी कशी पाडू मी?"

चौथ्या उन्हाळ्यात घरचं पाणी अकरा झाडांना पुरलं, मग चारांना, मग प्यायलाही पुरेना. जावईबापू सर्वांत आधी गेले. निधीवाल्यांचं चकचकीत पुस्तक टपालाने आलं, त्यात पाणक्या हिरव्या झाडांत हसत उभा होता. बायकोने ते उघडलं आणि लगेच मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन माळावर गेला आणि नकटीच्या वाळल्या बुंध्याशी खणू लागला. सवयच ती. चार दिवस मुळाच्या मागे मागे खाली गेला. मूळ संपलं तिथून वीतभर खाली माती ओली लागली. आयुष्यभर कोरड्या विहिरी खणलेला तो माणूस ती माती मुठीत धरून खड्ड्यात बसला आणि हमसून हमसून रडला.