अमेरिकेची डिबेट, छत्रीबागेचे मार्क

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. जुने चार्जर जसे ड्रॉवरमध्ये आपोआप साठतात, तसे ते साठतात. मग एक दिवस भलतंच काही शोधताना सगळा गुंता हातात येतो. माझ्याकडचा हा गुंता तीन सकाळींचा आहे. तिन्ही सकाळी अमेरिकेत प्रेसिडेन्टच्या निवडणुकीची डिबेट होती आणि आम्ही इंदूरमध्ये, छत्रीबागेत, नानांच्या बैठकीत बसलो होतो.

मी सांगलीची. अकरा वर्षांपूर्वी इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायला आले आणि नानांच्या समोरच्या घरात भाड्याने राहिले. नाना नागरिकशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक. बत्तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या वाद-विवाद स्पर्धांचं परीक्षण केलं. अमेरिकेत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे इंदुरात पोह्यांची वेळ. त्यामुळे ही डिबेट आपल्यासाठीच ठेवली आहे असं नानांचं मत होतं. नानांच्या पत्नी सुमनकाकू पोहे करायच्या, मल्हारगंजातल्या साडीच्या दुकानाचे बंटीभिया गरम जलेबी आणायचे, आणि वीज खात्यातून रिटायर झालेले आगाशे स्नेहलतागंजातून स्कूटरवर यायचे. मी रस्ता ओलांडून जायचे. एवढीच आमची जनता.

* * *

पहिल्या सकाळी मी गेले तर नानांनी हातात एक छापील कागद ठेवला. विषय दहा मार्क, मांडणी दहा, वेळेचं पालन दहा. एकूण तीस. खाली शेरा आणि परीक्षकाची सही. पुढ्यात पितळेची घंटी. दीड मिनिटाला एक टोला म्हणजे आवरा, दोन मिनिटांना दोन टोले म्हणजे बसा.

"नावं घ्यायची नाहीत," नानांनी बजावलं. "परीक्षकाला नाव माहीत असलं की पक्षपात होतो. डावीकडचा स्पर्धक क्रमांक एक, उजवीकडचा दोन."

आता अख्ख्या जगाला ज्यांची नावं पाठ, ते दोघं छत्रीबागेत दीड तास क्रमांक एक आणि क्रमांक दोन होते. वेळ संपली की नाना टीव्हीसमोर घंटी वाजवायचे. तिकडे कोणी थांबायचं नाही. नाना आणखी जोरात वाजवायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "एक मार्क गेला."

शेवटी निकाल लागला. एक नंबरला अकरा, दोन नंबरला तेरा. शेरा दोघांना मिळून एकच लिहिला होता: 'घरी सराव करून यावे.'

बंटीभियांनी सांगितलं की नानांनी उभ्या आयुष्यात कोणाला बावीसच्या वर दिलेले नाहीत. एका मुलीला बावीस दिले होते, ती पुढे हायकोर्टात वकील झाली. तेवीस कशाला मिळतात हे इंदुरात अजून कोणालाच माहीत नाही.

* * *

त्याच सकाळी, घंटी तिसऱ्यांदा वाजली तेव्हा, शेजारच्या गेंदाबाई आल्या. आंघोळ झालेली, डोक्यावर पदर, हातात दोन केळी आणि जास्वंदीचं फूल. सकाळी सकाळी घंटी म्हणजे पूजाच, यात त्यांची काय चूक?

"आज किनकी कथा है, बाबूजी?"

नाना मार्क मांडत होते. त्यांनी नुसता हात वर केला. गेंदाबाईंनी त्याला आशीर्वाद समजून टीव्हीला हात जोडले आणि खाली बसल्या. पंधरा मिनिटं त्या मन लावून बघत होत्या. बंटीभियांनी त्यांच्या हातावर जलेबी ठेवली, ती त्यांनी डोळ्यांना लावून खाल्ली.

उठताना त्या माझ्या कानाशी आल्या. म्हणाल्या, दोन्ही महाराज चांगले आहेत, पण एकाच्या कथेत दुसऱ्याने बोलू नये, पुण्य लागत नाही!

मी हे नानांना सांगितलं. त्यांनी दोघांचाही आणखी एकेक मार्क कापला.

* * *

बंटीभियांचं परीक्षण दुकानदारीवर चालायचं. पंचवीस वर्षं गादीवर बसून त्यांना माणूस दारातून शिरतानाच कळतो. टॅक्स, युद्ध, बॉर्डर यातलं ते काही ऐकत नव्हते. स्पर्धक उभा कसा राहतो, हात कुठे ठेवतो, एवढंच बघत होते.

"नाना, तुम्ही बेकार मेहनत करून राहिले," ते म्हणाले. "हा एक नंबर आहे ना, तो सगळी दुकान खोलवाएगा, पन्नास साड्या पाहील आणि म्हणेल, घरच्यांना घेऊन येतो. आणि दोन नंबर आधीच ठरवून आलाय, पण भाव करण्यात अपना घंटाभर खाएगा."

"मग जिंकणार कोण?" आगाशेंनी विचारलं.

"जिंकणार कोणी पण, भिया. चहा तर अपनलाच पाजावा लागतो ना!"

आगाशेंची पद्धत याहून सरळ होती. जो हरतोय असं वाटेल त्याच्या बाजूने ते व्हायचे. एका डिबेटमध्ये त्यांनी चार वेळा पक्ष बदलला आणि शेवटी थकून गेले. पण माणूस भला. कुठे दिवा लुकलुकला तरी वीज खात्यातली जुनी नोकरी आठवून ओशाळल्यासारखा उठून स्विच बघून यायचा.

* * *

दुसरी सकाळ उपाध्यक्षांच्या डिबेटची. ती फार गुळगुळीत निघाली. दोघं एकमेकांचं ऐकून घेत होते, त्यामुळे घंटीला काम नव्हतं आणि नाना बेचैन झाले. त्यांनी डॅलसला व्हिडिओ कॉल लावला.

डॅलसला त्यांची मुलगी मुग्धा असते. नानांना वाटलं, प्रत्यक्ष अमेरिकेत लोक टीव्हीला चिकटून बसले असतील. तिकडे जावईबापू भांडी घासत होते आणि मुग्धा सोफ्यावर पाय वर करून पडली होती. डिबेट आज आहे हेच दोघांना माहीत नव्हतं! नानांनी मग तिला अमेरिकेच्या आरोग्य धोरणावर कोण काय म्हणालं ते छत्रीबागेतून समजावून सांगितलं. मुग्धा हो बाबा, हो बाबा म्हणत राहिली.

तेवढ्यात काकू झारा हातात घेऊनच आल्या आणि फोनमध्ये डोकावल्या. पायाला सूज आहे का, झोप लागते का, असं विचारू लागल्या. मुग्धाला आठवा लागला होता. डिलिव्हरी नोव्हेंबरात.

"सुमन, विषयावर बोल," नाना म्हणाले. त्यांना अजून परराष्ट्र धोरण सांगायचं होतं.

काकू झारा घेऊन परत गेल्या. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर दाखवलंही. कारण त्या घरातली खरी डिबेट हीच होती. काकूंना मुग्धाकडे जायचं होतं. सहा वर्षांपूर्वी दोघं जाऊन आले होते, दहा वर्षांचा व्हिसा होता, अडचण फक्त नानांची होती. मागच्या वेळी दीड महिन्यात तिथे वाद घालायला एक माणूस मिळाला नाही, म्हणून त्यांनी परत न जाण्याचं ठरवलं होतं. आणि काकूंना एकटीला सोडायलाही तयार नव्हते. विषय निघाला की नाना मुद्दा एक, मुद्दा दोन करत असं काही सुरू व्हायचे की काकूंची पाळी येईपर्यंत कुकरची शिट्टी व्हायची. जुलैपासून हेच चालू होतं.

* * *

त्याच दिवशी मी नियमांचं सांगितलं. एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवायचा, म्हणजे मध्ये कोणी बोललं तरी ऐकू जात नाही, असा नियम तिकडे काही डिबेटमध्ये लावतात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे जरा सविस्तरच सांगितलं.

काकू पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे मशीन आपल्या इथे मिळतं का गं?"

बंटीभियांना ठसका लागला. नानांनी कागदावरून मान वर केली नाही. तेवढ्यात मी संधी साधून म्हटलं, पुढची डिबेट आमच्याकडे बघू, आमचा टीव्ही मोठा आहे, काकूंनाही जरा आराम मिळेल.

"मॅडम," नाना म्हणाले, "न्यायाधीश आपली खुर्ची घेऊन घरोघर फिरत नसतो."

* * *

तिसरी सकाळ. मुख्य दोघांची शेवटची डिबेट. कागद वाटून झाले, घंटी पुसून ठेवली, स्पर्धक क्रमांक एकने तोंड उघडलं आणि लाइट गेली.

पंखा थांबला, टीव्ही काळा. आम्ही तिघांनी सवयीने आगाशेंकडे बघितलं. ते बिचारे "बघतो, बघतो" म्हणत मीटरकडे गेले. मीटरबोर्ड बाहेर जिन्याखाली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून. नाना कोऱ्या कागदांकडे बघत बसले. मोबाइलवर लावू म्हटलं तर म्हणाले, एवढ्याशा चेहऱ्याला मार्क देता येत नाहीत.

"मग कागद कशाला बेकार करता?" बंटीभिया म्हणाले. "नाना, तुमची आणि काकूंची होऊन जाऊ द्या. वो डॅलस वाला मॅटर. दोन-दोन मिनिट. मॅडम घंटी वाजवतील."

काकू आतून हात पुसत आल्या. म्हणजे ऐकतच होत्या.

"माइकचा नियम लागू आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, लागू आहे. नानांकडे बघितलं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं की आव्हान आलं तर मागे हटायचं नाही, तो आता कुठे जाणार? त्यांनी घंटी माझ्याकडे सरकवली. फक्त एक अट घातली, की काकूंना मार्क तेच देणार. आमच्यासारख्या कच्च्या परीक्षकांवर त्यांचा भरवसा नव्हता.

काकू उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला.

"मुग्धाच्या वेळी माझी आई देवासहून आली होती," त्या म्हणाल्या. "सातवा लागला तेव्हाच. बसने, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. माझ्या बाबांना तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी जुलैपासून विचारतेय. आज सांगते. दसरा झाला की मी जाणार. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तर शेव-चकल्या करून ठेवून जाईन. झालं."

आणि बसल्या. मी घड्याळ बघितलं, चाळीस सेकंद झाले होते. नानांनी तोंड उघडलं.

"नाना, म्यूट," बंटीभिया हळूच म्हणाले.

एक मिनिट वीस सेकंद शिल्लक होते आणि ते काकूंचे होते. नाना तोंड मिटून बसले. पंखा नव्हता, त्यामुळे खोली अगदी शांत होती. काकू समोरच्या भिंतीवरचा मुग्धाचा शाळेतला फोटो बघत होत्या.  दीड मिनिटाला मी एक टोला दिला, दोन मिनिटांना दोन.

नाना उठले. शर्ट खाली ओढला. "अध्यक्ष महोदय, मान्यवर परीक्षक आणि मित्रहो. प्रतिपक्षाने मांडलेला मुद्दा..." एवढं झालं आणि ते थांबले. काकूंकडे बघितलं, मग कागदाकडे. मग पुढे वाकून माझ्यासमोरची घंटी स्वतःच दोनदा वाजवली आणि खाली बसले.

पेन काढून त्यांनी मार्क भरले, सही केली आणि कागद काकूंना दिला. विषय दहा, मांडणी दहा, वेळेचं पालन नऊ. तीसपैकी एकोणतीस! बंटीभियांनी जलेबी हातातच धरून ठेवली.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "एक कुठे कापला?"

"वेळ पूर्ण वापरला नाही. सव्वा मिनिट शिल्लक राहिलं."

"ते मी तुम्हाला दिलं होतं. विचार करायला."

नानांनी कागद परत घेतला. नऊवर काट मारली, दहा लिहिले आणि काटेच्या बाजूला पुन्हा सही केली. मी घंटी त्यांच्याकडे सरकवली, ती त्यांनी घेतली नाही.

"मी परत येईपर्यंत राहू द्या तुमच्याकडे. निकाल नोव्हेंबरात ना? तो तुमच्याकडेच बघा, मॅडम. टीव्ही मोठा आहे तुमचा." मग घंटीकडे बघत, "चिंचेने घासत जा. दर आठ दिवसांनी."

तेवढ्यात लाइट आली. स्पर्धक क्रमांक दोन हातवारे करत काहीतरी सांगत होता, पण त्याला मार्क द्यायला कोणी कागद उचलला नाही. आगाशे रुमालाला हात पुसत आत आले. नानांनी विचारलं, काय झालं होतं? ते म्हणाले, जुनं वायरिंग आहे, होतं असं कधीकधी. आणि पोहे घेऊन बसले.

निघताना जिन्याखाली मी त्यांना गाठलं. म्हटलं, एवढा वेळ लागला म्हणजे फ्यूज बदलावा लागला का?

"फ्यूज चांगला आहे," आगाशे म्हणाले. "मेन स्विच बंद होता. मी गेल्या गेल्याच पाहिलं."

"मग लगेच चालू का नाही केलात?"

त्यांनी मेन स्विचच्या काळ्या दांडीकडे बोट दाखवलं. तिच्यावर हळदीची चार बोटं उमटली होती, अजून ओली. आगाशेंनी खिशातून रुमाल काढला, दांडी नीट पुसली, आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.