साखरपुड्यातली खारी भाजी

आपली फजिती आपणच सांगितलेली बरी. नाहीतर आमची बायको ती तिखटमीठ लावून सांगते, आणि या किश्श्यात मीठ आधीच भरपूर आहे!

माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. साकोलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करायला लावला, दात साफ केले आणि गुळण्यांचं औषध दिलं. समजावूनही सांगितलं. ब्रश केल्यावर अर्धा तास थांबायचं, मग झाकणभर औषध तोंडात खेळवून थुंकायचं, गिळायचं नाही. वरून पाण्यानं चूळ भरायची नाही आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. सांगितले तेवढेच दिवस घ्यायचं. तोंडाची चव जरा बदलेल, असंही त्या म्हणाल्या होत्या, पण तोवर मी चपला घालत होतो.

औषध मात्र गुणाचं! रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला, बायको परत जवळ बसून बोलू लागली. बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आता, आमच्या एकोडीत मीठ पाहण्याचा मान माझा. कोणाचीही पंगत असो, वांग्या-आलूची भाजी मी चाखल्याशिवाय चुलीवरून उतरत नाही. त्या दिवशी तर माझ्याच पोरीचा, सोनूचा साखरपुडा! अड्याळचे पाहुणे येणार होते. मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, त्याच्या घरचे मोठ्या मुश्किलीनं राजी झालेले. काही बिनसलं असतं, तर मला तिला तोंड दाखवायची सोय नव्हती.

पाहुण्यांशी जवळून बोलायचं म्हणून मी झाकणाऐवजी अर्धा पेला औषध ओतलं. खळखळून गुळणी केली आणि तसाच चुलीपाशी गेलो. भाजी चाखली. अळणी!

"मीठ बराबर हाये जी भाऊ," स्वयंपाकी म्हणाला.

बराबर? मला शिकवतो? मी मूठभर टाकलं, चाखलं. अळणीच! अजून टाकलं. शेवटी त्याच्या हातातला डबाच घेतला.

पंगत बसली. पहिला घास गेला आणि सगळे चिडीचूप. मला वाटलं, भाजी रंगली! मग जो तो पाण्याचा गिलास शोधू लागला. मुलाचे काका तर जागेवरून उठायच्या बेतात. सोनूचे डोळे भरून आले.

बायकोनं भाजी चाखली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गुळणी करून मीठ पाहलं का तुमी?"

मी मान डोलावली. तेवढ्यात मुलाची आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"मले बी देल्लं होतं थे औषध," ती म्हणाली. "आठ दिवस घरच्यायनं खारं वरण खाल्लं, पन बोलाची कोनाची हिंमत नाई झाली. तुमी तं एकाच पंगतीत निपटवलं जी इवाई."

इवाई! म्हणजे व्याही! भर पंगतीत तिनं मला व्याही म्हटलं, आणि काका खाली बसले.

मग ती पदर खोचून चुलीपाशी गेली. अर्धी भाजी काढून ठेवली, उरलेलीत उकडलेले आलू, टमाटर आणि गरम पाणी घालून तिनं ती सावरली. खरं सांगतो, त्या माउलीचे पाय धरावेसे वाटले. पोरगी चांगल्या घरी चालली, हे मला तिथं चुलीपाशी कळलं.

पंगत पुन्हा बसली. पाहुणे मागून मागून जेवू लागले, सोनू हसली. मग मीही बसलो, घास घेतला आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "मीठ जरा..."

अख्ख्या पंगतीनं आपापल्या ताटावर हात आडवा धरला. सगळ्यात आधी सोनूनं.