याडीचा टाका

"हैदराबादला जाऊन बिर्याणी खाल्लीस की नाही?" असं अजून विचारतात. खाल्ली हो, आबिड्सला, पोट तट्ट फुगेपर्यंत! पण त्या सहलीतलं मला आठवतं ते वेगळंच. मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या एका प्रदर्शनात सोनी भेटली होती. लंबाडी, म्हणजे बंजारा, तांड्यावरची मुलगी, आरसेकामाची नव्या धाटणीची जाकिटं करायची. "पहिला रॅम्प शो आहे, अक्का, आनाच है," म्हणाली. मी तिकीट काढलं.

पुण्याहून रात्रीची बस बरी पडते. फक्त खिडकीशी बसू नका; माझ्या झोल्याचा बंद तिथल्या खिळ्यात अडकून टरकन अर्धा फाटला. हैदराबादेत अंबरपेठेला सुशामावशीकडे उतरले, तर ती दारातच ओरडली, "काय हालत केलीस गं! नाश्त्याला इडली की उपमा?"

दुपारी रिक्षाने आबिड्सला गेले. मीटर टाकायला लावा, नाहीतर गंडवतात. चपलांच्या दुकानावर सोनीची कामाची खोली. झोला खुंटीला अडकवला आणि वळले. पुतळ्यावर लाल घागरा होता. शेकडो आरसे, प्रत्येकात मी एवढीशी. काठाशी एका आरशाची जागा रिकामी, आणि तिथून दोऱ्यासकट सुई लटकत होती.

"याडीचा आहे," सोनी म्हणाली. याडी म्हणजे आई. महिन्यापूर्वी गेली, काम अर्धवट टाकून. दिल्लीच्या दुकानदाराला घागरा पुरा हवा होता. तरच तांड्यावरच्या बायकांना वर्षभर काम मिळणार होतं, तेही सोनीच्या नावाच्या लेबलखाली.

"मग लाव की एक आरसा!"

"नक्को अक्का. हमारे घर में एक का छोडा टाका दूसरी नै करती." तिचे डोळे भरून आले.

मला किल्ली देऊन ती तालमीला गेली. आणि मला कुठून अवदसा आठवली! शाळेत शिकले होते, तेवढ्या भांडवलावर दुसरी सुई घेऊन मी आरसा बसवला. पंखा बंद होता, तरी ती लटकती सुई हलत होती. दोरा मागून कुणी धरून ठेवावा तसा जड येत होता. मी कुलूप लावून झोला घेऊन जवळजवळ पळालेच.

सकाळी दोघींनी मिळून दार उघडलं. आरसा टेबलावर मधोमध होता. शेजारी माझा दोरा, कुठेही न तुटलेला, नीट गुंडाळलेला. मग मी सोनीला सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "अब ऐसाच ले जाती."

शो बंजारा हिल्सच्या हॉटेलात होता. "टेकडी आमच्या नावाची, मी आत आजच आले," सोनी हसली. घागरा तसाच गेला, सुई लटकत. लोक त्या सुईकडेच बघत होते. दुकानदार स्वतः पुढे आला, "असाच राहू द्या" म्हणाला आणि काम पक्कं झालं. पण घागरा उतरवला तर सुई नाही! सोनी गुडघ्यांवर रांगत शोधत राहिली, हमसून रडली. याडीची स्वतःची तेवढीच वस्तू उरली होती. नाहीच मिळाली.

सोनीच्या खोलीतून पळून आल्यापासून मी मावशीचीच पर्स घेऊन हिंडले होते. फाटका झोला बॅगेच्या तळाशी होता. पुण्यात येऊन काढला. बंद शिवलेला होता. लाल दोरा, तांदळाएवढे टाके. दोन बोटं शिवण राहिली होती, आणि टोकाला सुई.

सोनीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवू नक्को. उसवू नक्को, हात नक्को लावू. याडीला हाताला काम लागतं."

झोला तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात काढून बघितला. आता एकच बोट राहिलंय.