साप चावला म्हणून सांगितलं

संतोष आमच्या गावचा, खालापूर तालुक्यातला. रसायनीच्या एका कारखान्यात फिटर आहे. मी गावची आशाताई, सुनिता. कोणता पोरगा काय ओढतो ते मला आधी कळतं आणि डोकंही माझंच आधी फिरतं. संतोष चार वर्षं गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, ओढायचा. माझ्या शिव्या त्यानं पोटभर खाल्ल्यात.

एका दुपारी शेतात त्याचा जोडीदार, नवीन नावाचा, ओढता ओढता कोसळला, ओठ निळे पडले. संतोषनं त्याला टॉवेलनं पाठीशी बांधून मोटारसायकलवर दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? खरं सांगावं तर दोघंही आत. आमच्याकडे शेतात माणूस पडला की पहिली शंका जनावराचीच. हा बोलून गेला, "साप चावला." डॉक्टर बिचारे दातांची खूण शोधत बसले. अर्ध्या तासानं त्यांना संशय आला, तोवर नवीन गेला होता.

शवविच्छेदनाचा कागद आला. नवीनच्या आईला, सोनुबाईला, वाचता येत नाही. वाचून दाखवायची छाती गावात कुणाची झाली नाही. माझीही नाही, सांगायला लाज वाटते.

संतोष दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्यातून सुटला. आता सुट्टीच्या दिवशी ओढणाऱ्या पोरांना तिकडे घेऊन जातो. भेटेल त्याला सांगतो, विकणाऱ्याला पकडा, पण ओढणाऱ्याला गुन्हेगार करू नका, तो आजारी आहे. लोक म्हणतात, "आला मोठा शहाणा!" सोनुबाई मात्र त्याला रोज जेवू घालायची. आपल्या पोरासाठी धावला तो हाच, एवढंच तिला ठाऊक.

गेल्या महिन्यात ग्रामसभेत ठराव आला: ओढताना दिसेल त्याला पोलिसांत द्यायचं. हात वर होणार तेवढ्यात संतोष उठला. मी त्याचा शर्ट ओढला. "बस रं खाली! म्हातारी समोर बसलीय." ऐकेल तर ना! त्यानं सगळं सांगून टाकलं. साप नव्हता, हेही.

सोनुबाईनं उठून त्याच्या थोबाडीत दिली.

"खरं बोलला असतास तर जगला असता?" तिनं विचारलं.

"बहुतेक जगला असता, मावशी."

"मंग का नाय बोललास?"

"आत टाकतील म्हणून."

ती सरपंचांकडे वळली. "करा तुमी ठराव. पन उद्या तुमचा पोरगा पडला, तर त्याच्या जोडीदारानं डॉक्टरला काय सांगायचं, ते बी त्यात लिवा."

ठराव बारगळला. संतोषला मात्र सोनुबाईनं पुन्हा दारात उभं केलं नाही.