गुटगुटीत बाळाची बेरीज

मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडचं एक जोडपं राहायचं. नवरा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. त्या दोघांना मी काका-काकी म्हणायचे, पण काकी माझ्याहून फार मोठी नव्हती. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. त्यानंतर ही मुलगी झाली. गोरी, गुबगुबीत, गालाला खळी पडणारी. चाळीतल्या सगळ्या बायका तिला आळीपाळीने घेऊन बसायच्या. रडायची ती फार कमी, आणि माणसाचं तोंड दिसलं की हसायची.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. माझे वडील, अप्पा, फोर्टातल्या एका कचेरीत होते. तिथे महागाईचा आकडा काढत. त्या आकड्यावर कामगारांचा भत्ता कमीजास्त व्हायचा, म्हणून अप्पांना आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता. तांदूळ शेराने, कापड वाराने आणि खोलीचं भाडं महिन्याने, तर ही सगळी एकात एक मिळवायची कशी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी जेवता जेवता समजावलं. प्रत्येक गोष्ट तिच्या स्वतःच्या जुन्या भावाशी ताडून पाहायची, म्हणजे शेर आणि वार गळून पडतात. मग गरिबाच्या घरात ज्याच्यावर जास्त खर्च होतो त्याला जास्त भार द्यायचा. तांदळाला मोठा, दिवाबत्तीला लहान. मग बेरीज. शेवटी एकच आकडा उरतो, आणि त्या एका आकड्यात सबंध घर मावतं, असं ते म्हणाले. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

आमच्या भागातलं महिला मंडळ दर वर्षी गुटगुटीत बाळांची स्पर्धा भरवायचं. आदल्या वर्षी तिथे भांडण झालं होतं. परीक्षकांनी नुसतं डोळ्यांनी पाहून नंबर दिले आणि पहिलं बक्षीस मंडळाला देणगी देणाऱ्याच्याच नातवाला गेलं. बायका महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणून त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षीणबाई आमच्याकडे आल्या आणि अप्पांना म्हणाल्या, तुम्ही आकड्यातले, तुम्हीच मार्कांची काहीतरी पद्धत घालून द्या, म्हणजे कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

अप्पा हरखले. आठवडाभर ते त्याच कामात होते. वजन, उंची, दात, डोळ्यांची आणि कातडीची तकाकी, स्वच्छता, देवी टोचल्या आहेत की नाहीत, अशा बाबी त्यांनी निवडल्या. पौंड, इंच आणि दात यांची बेरीज होत नाही, म्हणून वयाच्या मानाने प्रत्येक बाबीला दहापैकी मार्क ठेवले. मग भाराचा प्रश्न आला. आई हसून म्हणाली, वजनाला वजन किती देणार? अप्पांनी वजनाला दुप्पट भार दिला. काटा खोटं बोलत नाही, आणि आयांचाही काट्यावर विश्वास असतो, असं त्यांचं म्हणणं. सातवी बाब अध्यक्षीणबाईंनी घालायला लावली. तिचं नाव ‘शांत व हसरा स्वभाव’. आदल्या वर्षी पोरांच्या रडारडीने पाहुण्यांचं भाषण बुडालं होतं.

परीक्षक म्हणून स्टेशनजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई होत्या. सडपातळ, पांढऱ्या साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. अप्पांनी त्यांना तक्ता दाखवला तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या की वजन, उंची आणि दात या तीन गोष्टी बहुतेक एकच सांगतात, की पोराला पोटभर मिळतं. तुम्ही तेच तीनदा मोजताय, त्यात वजनाला दुप्पट. अप्पांना ते पटलं, पण बदलायला वेळ नव्हता. पुढचं त्यांना तितकंसं पटलं नाही.

“एकेक बाब पाहायला माझी ना नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण बेरीज करू नका. छातीत घरघर असलेल्या पोराला दात चांगले असले म्हणून त्याची घरघर भरून निघत नाही. तुमच्या बेरजेत मात्र निघते.”

अप्पा नम्रपणे म्हणाले, “बाई, बक्षीस एकालाच द्यायचं आहे. सात आकड्यांतून पहिला नंबर कसा काढू?”

बाईंनी तक्ता परत दिला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

स्पर्धा शाळेच्या हॉलमध्ये झाली. टेबलावर काटा मांडला होता. काकी आदल्या दिवसापासून काही खात नव्हती. तिने मुलीला पिवळं झबलं घातलं होतं, ते माझ्या आईने शिवलं होतं. हॉलमध्ये लाउडस्पीकर लावला होता, आणि मध्येच तो असा किंचाळला की भिंतीला टेकलेल्या बायका दचकून सरळ झाल्या. मांडीवरची सगळी पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली. काकीची मुलगी तेवढी टेबलावर पडल्या पडल्या पाहुण्यांच्या चष्म्याकडे बघून हसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वभावाचे दहापैकी दहा. दुसऱ्या आलेल्या मुलाहून तिला अर्धाच मार्क जास्त होता, पण पहिला नंबर तो पहिला नंबर. तिला चांदीची वाटी मिळाली, आणि एक छापील प्रमाणपत्र. काकी रडायला लागली. तिच्या नवऱ्याने कारखान्यात पेढे वाटले. अप्पा घरी येताना वाटेत कोणाशीही थांबून बोलत होते. त्या वर्षी कोणाचं भांडण झालं नाही.

ते प्रमाणपत्र काकांनी काच घालून भिंतीवर लावलं. त्यानंतर चाळीत कोणी मुलीबद्दल काही बोललं की काका त्या काचेकडे हात करायचे. समोरच्या बिऱ्हाडातली म्हातारी एकदा म्हणाली, पोर हाकेला वळत नाही गं. काका म्हणाले, पहिल्या नंबराची आहे, तिला काय धाड भरलीय. वर्षाची झाली तरी ‘आई’, ‘बाबा’ नव्हतं, तेव्हा माझ्या आईने हळूच विषय काढला. गुटगुटीत मुलं उशिरा बोलतात, असं काकीनेच सांगितलं, पण सांगताना ती आमच्याकडे बघत नव्हती. आता मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं. आईला कळतंच. पण ज्या गोष्टीवर मोठमोठ्या माणसांनी सह्या केल्या होत्या, तिच्याविरुद्ध बोलायला लागणारं बळ तिच्याकडे नव्हतं. सासर-माहेरच्या सगळ्यांनी दोन गेलेल्या मुलांसाठी तिलाच बोल लावला होता, आणि या मुलीने तिची मान पहिल्यांदा वर केली होती.

मुलगी दीड वर्षाची झाली असेल. एका रविवारी दुपारी काकी मुलीला कडेवर घेऊन आमच्याकडे आली. अप्पा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. काकी सरळ आत आली, मुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, हातात लाकडी बाहुली दिली. मग तिने आमची पितळी परात आणि लाटणं उचललं, मुलीच्या मागे उभी राहिली, आणि जीव खाऊन परात बडवली. आई पदर सावरत धावत आली. शेजारपाजारचे दाराशी जमले. मुलगी बाहुलीच्या डोक्याला बोट लावून बघत होती. तिने वळून पाहिलं नाही.

काकीने परात खाली ठेवली. एरवी ती आमच्याशी शहरातल्यासारखं बोलायची. त्या वेळी तिची घरची भाषाच तोंडात आली.

“हिका आयकाक येना नाय,” ती म्हणाली. मग अप्पांकडे वळून तिने विचारलं, “भावोजी, तुमच्या मार्कांत कान होते?”

अप्पा उभे राहिले होते. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र घसरून पडलं.

“नाही वहिनी,” ते म्हणाले. “कान नव्हते.”

ती भांडली नाही. तिने मुलीला उचललं आणि गेली. त्या दिवशी आमच्या घरी जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी रजा काढली आणि त्या तिघांना घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. मी गेले नव्हते, आईला त्यांनी सांगितलं ते ऐकलं. तिथल्या डॉक्टरांनी घंटा वाजवून पाहिली, वेगवेगळ्या पट्टीचे आवाज काढून पाहिले. मुलगी जन्मापासूनच बहिरी असावी, म्हणाले. औषध नाही. लवकर आणली असती तर ओठांवरून शब्द ओळखायची सवय आधीपासून लावता आली असती, अजूनही प्रयत्न करा, असं सांगितलं. इतका उशीर का केला, असं त्यांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, साहेब, तिचा पहिला नंबर आला होता. डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि काकांनी पुन्हा तेच सांगितलं. हे सांगताना अप्पा थांबले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्या आठवड्यात त्यांनी तो तक्ता काढून पुन्हा आकडेमोड केली. मी शेजारी बसले होते. वजनाचा भार दुपटीऐवजी एकपट धरला की पहिला नंबर दुसऱ्याच मुलाचा येत होता. दात गाळले की तिसऱ्याचा. स्वभावाची बाब काढली की काकीची मुलगी पहिल्या पाचांतही नव्हती. अप्पा मला म्हणाले, बघ, नंबर त्या पोरांमध्ये नव्हता, माझ्या भारांमध्ये होता. आणि ज्याला मी शांतपणाचे दहा मार्क दिले ते तिचं दुखणं होतं. मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांनी ऐकल्यासारखं वाटलं नाही.

ते डॉक्टरीणबाईंकडेही गेले. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. उलट म्हणाल्या की मीही त्या टेबलाशी उभी होते, लाउडस्पीकर किंचाळला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. वजन, दात आणि कातडी बघता बघता मुलीकडे बघायचं माझंही राहिलं. बाईंचं हे बोलणं अप्पांना दोषापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या स्पर्धेची वेळ आली तेव्हा अध्यक्षीणबाई पुन्हा आल्या. अप्पा म्हणाले, नंबर नकोत. प्रत्येक आईला एक चिठ्ठी द्या. वजन ठीक, दात ठीक, कान दाखवून घ्या, डोळे दाखवून घ्या, असं वेगवेगळं लिहा आणि बेरीज करू नका. अध्यक्षीणबाईंना मुलीचं सगळं माहीत होतं, त्यांनाही वाईट वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, बक्षीसच नसेल तर बायका पोरांना घेऊन येतील कशाला? त्यांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. स्पर्धेच्या निमित्ताने कितीतरी मुलांना देवी टोचल्या गेल्या होत्या. शेवटी मंडळाने अप्पांचाच जुना तक्ता वापरला. ‘कान’ ही आठवी बाब घातली, दहापैकी मार्क देऊन, आणि बेरीज केली.

अप्पांनी मला तेव्हा विचारलं, “म्हणजे ठार बहिऱ्या मुलाचे दहा मार्क जातील आणि बाकीचे सगळे मिळतील. मग काय बदललं गं?”

तक्ता मात्र चांगलाच पसरला. घाटकोपरच्या एका मंडळाने तो पहिल्याच वर्षी मागून नेला होता, तिथून आणखी कोणी नेला. माझ्या मावशीने एकदा तिच्या नातवाच्या स्पर्धेचा कागद कौतुकाने दाखवला, तर त्यावर अप्पांच्याच शब्दांत त्याच सात बाबी होत्या. शास्त्रीय पद्धत, असं वर छापलं होतं. अप्पांनी तो कागद वाचून तिला परत दिला आणि नातू छान आहे म्हणाले.

काकी काही महिने मुलीला घेऊन शहरातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत जायची. सकाळी निघायची, संध्याकाळी यायची. मुलगी शिकत होती. पाणी, पोळी, आई असे ओठ ती करून दाखवायची, आवाज मात्र भलताच निघायचा. मग काकीला पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला. अप्पांनी मी पोचवतो म्हटलं, काही दिवस पोचवलंही, पण कचेरीची वेळ जमेना. बाळंतपणासाठी काकी मुलीला घेऊन गावाला गेली. काकांनी पुढे भांडुपला कारखान्याजवळ खोली घेतली आणि आमच्या शेजारी दुसरं बिऱ्हाड आलं. काकीला मुलगा झाला, तो चांगला ऐकतो, एवढं आमच्या कानावर आलं. मुलीला गावालाच आजीकडे ठेवलं होतं. तिथे शाळा नव्हती.

अप्पा त्यानंतर बरीच वर्षं कचेरीत तेच काम करत राहिले. महागाईचा आकडा वाढला, उतरला. घरी ते त्याबद्दल बोलेनासे झाले. कोणाच्या घरी तान्हं मूल असलं की मात्र ते एक गोष्ट करत. बाळाच्या मागे जाऊन हलकेच टाळी वाजवत. लोकांना वाटायचं म्हातारा खेळवतोय.

माझ्या मुलाच्या उष्टावणालाही त्यांनी तसंच केलं. तो वळला. मी म्हटलं, अप्पा, ऐकतोय तो. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा टाळी वाजवली.