वहिनींना ओळखू येऊ नये इतपत

अख्ख्या नाशिकमध्ये कोणाला काय झालंय हे सर्वांत जास्त माहीत असलेला आणि ते सर्वांत कमी सांगणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. एका धर्मादाय रुग्णालयातल्या छातीच्या विभागाचं दप्तर त्यांच्याकडे होतं. अठरा वर्षांच्या शेजारात त्यांनी मला एकाही रुग्णाचं नाव सांगितलं नाही. मी दोनदा मुद्दाम विचारून पाहिलं होतं. पंचवटीच्या भाजीबाजारात कोणी हात जोडले, की हे आधी त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या मेथीकडे बघत. जुना रुग्ण असला, बरोबर सोयरे असले, तर ओळख कुठली हे सांगावं लागेल, असा त्यांचा हिशेब. या हिशेबात एकदा सख्खा मेहुणाही सापडला आणि पुढच्या दोन दिवाळ्या तो त्यांच्याकडे फिरकला नाही. बायकोला ताप आला तरी आम्हाला सांगताना म्हणत, "घरी एक केस आहे."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रुग्णालयात कॉम्प्युटर आला आणि जुने केसपेपर त्यात भरायचं काम यांच्यावर आलं. दर सोमवारी ते पासवर्ड बदलत आणि तो कोणी पाहू नये म्हणून कीबोर्डवर टॉवेल पसरून त्याखाली हात घालून टाइप करत. त्यामुळे अक्षरं त्यांनाही दिसत नसत. एका सोमवारी दुपारपर्यंत त्यांचं त्यांनाच यंत्र उघडेना. संध्याकाळी जिन्यात भेटले ते खुशीत होते. म्हणाले, "मलाच उघडत नाही, म्हणजे पक्कं आहे."

पुढे तीन-चार वर्षांनी मेडिकल कॉलेजातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या. द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्यांना छातीचे आजार जास्त होतात का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांची माहिती हवी होती. ती कॉम्प्युटरवर आहे म्हटल्यावर बाईंना वाटलं, दुपारी मागितली की संध्याकाळी फ्लॉपी हातात. आमच्या शेजाऱ्यांनी तीन आठवडे घेतले. प्रत्येक नाव पुसून तिथे क्रमांक घातला आणि कोणता क्रमांक कोणाचा ती यादी वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात ठेवली. सोमवारी फ्लॉपी द्यायची होती. रविवारी ते बारा चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे आले. चिठ्ठ्यांवर आजार नव्हता, नावही नव्हतं. फक्त गाव, वय आणि काम. माझ्या बायकोचं माहेर निफाडकडचं आणि तिकडच्या पाच-पंचवीस गावांतली माणसं तिला तोंडपाठ. तिला सांगितलं, खेळ आहे, ओळखा. मला मात्र चिठ्ठ्या कुठल्या हे कळलं होतं. तिचं उत्तर बरोबर की चूक हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. पण काही उत्तरांना ते आणखी थोडे फिके पडत. मी मोजलं. नऊ वेळा. शेकडा पंचाहत्तर.

शेवटची चिठ्ठी होती एका छोट्या गावातली तेवीस वर्षांची अंगणवाडी सेविका. "ही तर आमच्या चुलत बहिणीची लेक," बायको म्हणाली. "त्या गावात एकच तर अंगणवाडी. येवल्याचं स्थळ सांगून आलंय, सुपारी फुटायचीच बाकी. का हो भाऊजी, तुमच्याकडे याहून बरं स्थळ आहे का?" (वय आणि काम मी इथे बदललं आहे; तसंच लिहिलं असतं, तर त्यांनी मला जिना चढू दिला नसता.)

त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, चहा तसाच ठेवला. दारात मला हळूच म्हणाले, "नाव काढलं, पण माणूस तिथंच बसलाय हो." त्या काळी छातीच्या दवाखान्यात मुलीचं नाव आहे एवढं कळलं तरी जमलेलं लग्न मोडत असे. फ्लॉपी दहा हातांतून जाणार, त्यांत एखादा हात येवल्याचा नसेल कशावरून?

सोमवारी त्यांनी फ्लॉपी दिली नाही. डॉक्टरीणबाई चिडल्या, मोठ्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला, निवृत्ती दीड वर्षावर आली होती. यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली: आठ दिवस द्यावेत. माझी नोकरी आकडेवारीची, म्हणून ते आठ दिवस आमच्या टेबलावर गेले. कसोटी त्यांनीच ठरवली: वहिनींना ओळखू येऊ नये इतपत. गाव काढून तालुका ठेवला. वय दहा-दहा वर्षांच्या गटात टाकलं. काम म्हणून फवारणी करतो की नाही, एवढंच ठेवलं. ज्या गटात दहापेक्षा कमी माणसं निघाली तो शेजारच्या गटात मिळवला. याहून बारीक काही पाहायचं असेल तर बाईंनी यांच्या खोलीत यांच्यासमोर बसून पाहावं, बाहेर न्यायचं नाही, असा कागद करून त्यावर सही घेतली.

पुढच्या रविवारी पुन्हा बारा चिठ्ठ्या. बायकोने बाराही उलटसुलट करून पाहिल्या आणि वैतागून टाकून दिल्या. "हा काय खेळ आहे? असली तर हजार माणसं निघतील." त्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांनी तीन वेळा शिरा मागून घेतला. डॉक्टरीणबाईंना हवं ते त्या माहितीतून मिळालं. पुढे निफाडकडे फवारणाऱ्यांसाठी त्यांनी शिबिरं घेतली आणि तिथली हकिकत सांगायला त्या आपण होऊन यांच्या खोलीत आल्या.

वैशाखात त्या मुलीचं लग्न झालं. बायकोने यांनाही आग्रह केला, जीपमध्ये जागा आहे, चला भाऊजी. लग्नाच्या जेवणासाठी सिन्नरपर्यंत जाणारा हा माणूस, पण पोटाचं निमित्त सांगून घरी राहिला. बोहल्यावरून त्या मुलीची नजर त्यांच्यावर गेली असती, तर तिला काय वाटलं असतं, हे मला जीप सुटल्यावर सुचलं.

संध्याकाळी आम्ही जिलबीचा पुडा घेऊन वर गेलो. त्यांनी पंगती किती उठल्या विचारलं, मठ्ठ्याला आलं लावलं होतं का विचारलं, मुलीबद्दल एक शब्द नाही. मीच सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की नवरी सगळा वेळ हसत होती. ते जिलबीचा तुकडा हातात घेऊन गॅलरीत गेले. मग म्हणाले, "गरम असताना खायला मिळाली असती तर मजा होती."