खिडकीचा कॅमेरा, टीव्हीचा कॅमेरा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या गंजगोलाईत एका कुलूपवाल्याचा फोटो काढत होतो. म्हणजे कुलूपवाला शर्टाची वरची गुंडी लावून, छाती पुढं काढून उभा होता आणि त्यानं पुन्हा कुलपाकडं बघावं म्हणून मी थांबलो होतो. आमच्याकडं कॅमेरा दिसला की माणूस आधी ताठ होतो आणि मग विचारतो, "कोणत्या पेपरचे?"

"भावजी, नांदेडला कधी येताव?" वहिनी म्हणाल्या. "यांना दिसंना झालंय."

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, माझा हॉस्टेलपासूनचा मित्र. मी घाबरलो. वहिनींनी लगेच खुलासा केला. पेपर वाचता येतो, गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखू येतो, पोह्यात शेंगदाणे कमी पडले तर तेही दिसतं. डोळ्याचं ऑपरेशन मागंच झालंय. फक्त कॅमेऱ्यातलं दिसत नाही. कॅमेरा दिवाळीपासून कपाटात आहे आणि रविवारी सकाळी बाजारात फिरायचा माणूस आता घरात बसून त्यांच्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवतो.

"तुमच्यासारखा कॅमेरा घ्या म्हणलं तर अंगावर येतेत. तुम्हीच काहीतरी करा. आन मी सांगितलं म्हणून सांगू नका."

काम सोपं नव्हतं. कारण माझ्यासारखा कॅमेरा न घेणं हे गेली कित्येक वर्षं त्याचं जीवितकार्य होतं.

त्याचा कॅमेरा जुना, रेंजफाइंडर जातीचा. त्यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या एका छोट्या काचेच्या खिडकीतून बघता. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी फिरवत ती दोन माणसं एकावर एक आणायची. दोघांचा एक झाला की अंतर बरोबर जुळलं. माझ्या कॅमेऱ्यात डोळ्याला लावायच्या जागी एक इवलासा पडदा आहे. लेन्सला जे दिसतं तेच त्यात दिसतं, फोटो जसा येणार तसाच. मित्र त्याला 'टीव्ही' म्हणतो. "मी रस्ता बघतो, तू रस्त्याचं प्रक्षेपण बघतो," हे वाक्य त्यानं मला लातुरात, नांदेडात आणि एकदा माझ्या मुलीच्या लग्नात ऐकवलेलं आहे.

दोन्ही पंथांचे लोक मी पाहिलेत. खिडकीवाले असं बोलतात की जणू त्यांनी संन्यास घेतलाय, आणि टीव्हीवाले असं की नवा ट्रॅक्टर दारात आलाय. फोटो मात्र दोघांचेही त्याच चहाच्या टपरीचे असतात. खिडकीचा एक मोठा गुण मला मान्य आहे. चौकटीच्या बाहेरचंही तिच्यातून दिसतं, त्यामुळं डावीकडून कोण येतंय हे तो येण्याआधीच कळतं. आणि एक दोषही आहे. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं. मित्रानं एक अख्खी जत्रा झाकण लावून टिपली होती. रोल धुऊन आला तेव्हा त्यानं तो उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आभाळ होतं त्या दिवशी."

पण माणूस मोजणी खात्यातला. हदगाव, हिमायतनगरकडची शेतं साखळी टाकून मोजण्यात त्याची सगळी नोकरी सरली. अंतर मोजूनच ठरवायचं, ही त्याची श्रद्धा. 'कडी दहा फुटांवर ठेव आणि अंदाजानं काढत जा, जग तसंच काढतं,' असं मी पूर्वी सुचवलं होतं. त्यावर त्यानं माझ्याकडं बांध कोरणाऱ्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. आता डोळा थकला होता आणि खिडकीतला तो चौकोनही जुनेपणानं पुसट झाला होता. दोघांनाही एकदमच कमी दिसू लागलं होतं, पण ऑपरेशन एकाचंच झालं होतं.

मी एक लोखंडी कडं मागवलं. त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसवता येईल असं. आणि रविवारी एसटीनं नांदेड गाठलं.

"काय काम काढलं?" दारातच त्यानं विचारलं.

"तुझी लेन्स वापरून बघायचीय. माझ्या कॅमेऱ्यावर."

"टीव्हीवर?" तो हसला. "बघ बाबा. तिला सवय न्हाई, लाजंल."

वहिनींनी पोहे दिले आणि माझ्याकडं अजिबात बघितलं नाही, त्यावरून त्याला संशय यायला हरकत नव्हती. त्यानं कपाटातून कॅमेरा काढला, लेन्स उतरवून माझ्या हातात दिली आणि बिनलेन्सचा सांगाडा सवयीनं स्वतःच्या गळ्यात अडकवला. आम्ही जुन्या मोंढ्याच्या बाजाराकडं निघालो.

तिथं एक संत्र्याचा गाडा असतो. गाडेवाला त्याला वर्षानुवर्षं ओळखतो. "अरे चाचा! किधर थे? मेरेकू लगा हज को गए." मग माझ्याकडं बघून, "और ये कौन? पेपरवाले?"

"पाहुणे आहेत," मित्र म्हणाला. "लातूरचे."

"लातूर में संतरे नहीं मिलते क्या?"

मी डोळ्याला कॅमेरा लावला, कडी मागं-पुढं फिरवली आणि वैतागल्यासारखं केलं. वैताग निम्मा खरा होता. त्याची कडी जाम कडक आहे. "हे मला जमेना," मी म्हणालो. "तुझी लेन्स, तूच फिरव." आणि त्यानं नको म्हणायच्या आत कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याच्या गळ्यातला सांगाडा काढून माझ्या गळ्यात घातला.

त्यानं कॅमेरा जरा लांबच धरला, दुसऱ्याचं पोर धरावं तसा. मग डोळ्याला लावला. मी घरून निघतानाच त्यात एक सोय चालू करून ठेवली होती. ज्या अंतरावर नेमकं जुळतं, तिथल्या वस्तूंच्या कडा पडद्यावर लाल होतात.

त्याची बोटं कडीवर होती. कडी हलली, थांबली, परत हलली.

"हे लाल काय आहे?"

"जिथं बरोबर जुळलंय तिथं कड लाल होते."

"म्हणजे हद्द."

"हाव. हद्द."

"नकाशावर पण आम्ही लालच मारायचो," तो म्हणाला, आणि आवाजात थोडी तक्रार होती, की हे कुणी आधी का सांगितलं नाही. मग कडी फिरत राहिली. मला न दिसताही कळत होतं की लाल रेघ आता संत्र्यांवरून तराजूवर चाललीय, तराजूवरून गाडेवाल्याच्या मिशीवर. मिशीवर ती थांबली. गाडेवाला एका बाईशी भावावरून भांडत होता. ताठ व्हायला त्याला सवड नव्हती. खट्.

"चाचा, आज तो दिखाओ!" भांडण अर्धवट टाकून गाडेवाला म्हणाला. "इत्ते साल हो गए, फोटो खींचते, कभी दिखाते नहीं."

रिळाच्या कॅमेऱ्यात दाखवायला काही नसतं, हे त्याचं उत्तर इतकी वर्षं तयार होतं. आज ते चालणार नव्हतं. मी बटण दाबून दिलं. गाडेवाल्यानं बघितलं, बाईनं बघितलं, शेजारच्या लसूणवाल्यानं मान घालून बघितलं.

"मैं तो लई गुस्से में दिख रा," गाडेवाला खूश होऊन म्हणाला.

"कारण तू लुबाडून राहिला," बाई म्हणाली.

मित्र मात्र फोटो मोठा करून मिशीचा एकेक केस तपासत होता. "लेन्स माझी आहे म्हणून," तो मला म्हणाला. "मोजणी पण मीच केली. तुझ्या टीव्हीनं फक्त नकाशा धरला."

"फक्त नकाशा," मी मान्य केलं.

पुढचे दोन तास तो माझ्या पुढं चालत होता. मी गळ्यातल्या त्या आंधळ्या सांगाड्याच्या खिडकीतून बघत मागं. लेन्स नसली तरी खिडकीला काही कमी पडत नाही. एका पानटपरीवाल्यानं मला बघून टोपीसुद्धा सरळ केली. पडद्याला डोळा लावलेल्या माणसाला चौकटीबाहेरचं दिसत नाही, ते मला दिसत होतं. "डावीकडून शेळी," मी म्हणायचो, आणि तो वाट बघायचा, आणि शेळी चौकटीत यायची. एकदा मी बैल म्हणालो आणि मोटारसायकल आली. त्यावर त्यानं माझ्या शेतकीच्या पदवीचा उल्लेख केला.

संध्याकाळी तो मला स्टँडवर सोडायला आला. कॅमेरा त्याच्याच गळ्यात होता आणि तो मागायचा विषय मी काढला नाही. त्यानंही काढला नाही. गाडी लागल्यावर म्हणाला, "आठ दिवस राहू दे माझ्याकडं. लेन्सला जरा सवय लागंल."

"राहू दे की."

"तिनं फोन केला होता न तुला?"

"कुणी?"

"जाऊ दे," तो म्हणाला. "खिडकीची जागा धर."

आठ दिवसांचे आता बरेच आठवडे झालेत. परवा वहिनींचा फोन होता. रविवारी हे जेवायलासुद्धा घरी येत नाहीत, आणि मध्यंतरी दारात आलेल्या एका जुन्या खिडकीवाल्या स्नेह्याला त्यांनी तासभर समजावलं की फिकट चौकोनात बघून फोटो काढणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. "तुम्हीच बिघडवलं," त्या म्हणाल्या, पण आवाज तक्रारीचा नव्हता.

मी सांगाडा गळ्यात घालून गंजगोलाईत जातो. फोटो एकही येत नाही आणि कुलूपवाला अजूनही ताठ उभा राहतो. दुसरी लेन्स बघतोय. तोवर महिन्यातून एका रविवारी नांदेडला जावं लागतं, कारण डावीकडून कोण येतंय हे त्याला सांगायला माणूस लागतो.